जावईबापूंचा हात

ताईंना आयुष्यभर एकाच माणसाची वाट बघायची सवय लागली होती, आणि त्या माणसाला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तो सरहद्दीपलीकडच्या फौजेत बिनतारी यंत्रावर बसायचा. शत्रूच म्हणायचा. त्याचं नाव ठाऊक नव्हतं, वय ठाऊक नव्हतं, त्याला मिशा होत्या की नव्हत्या हेही ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो फक्त त्याचा हात. बिनतारी संदेश कळ दाबून पाठवतात, एक ठोका लांब, एक आखूड, आणि ही लिपी सगळ्यांना सारखीच शिकवतात. पण एकाच फळ्यावरून गिरवलेली पोरांची अक्षरं जशी सारखी होत नाहीत, तसे कळेवरचे हातही सारखे पडत नाहीत. कुणी घाई करतो, कुणी दात आवळून ठोकतो, कुणाचा आखूड ठोका लाजरा असतो. ऐकणाऱ्याचा कान तयार असेल तर नुसत्या ठोक्यांवरून माणूस ओळखता येतो.

ताईंचा कान तयार होता. देशाच्या गुप्तवार्ता खात्यात, तिसऱ्या मजल्यावर, त्या हेच काम करायच्या. शेजारीपाजारी समजत की त्या हवामान खात्यात आहेत, कारण नोकरी लागली तेव्हा तसंच सांगायचा हुकूम होता. त्यामुळे जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय ताई, उद्या पाऊस?" ताई आभाळाकडे बघून काहीतरी ठोकून द्यायच्या. चुकलं की भावजय घरात हसायची. "वन्सं, तुमच्या खात्याचं काही खरं नाही हं. सगळ्या चादरी भिजल्या माझ्या."

ताईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ छापखान्यात होता, भावजय घरी कपडे शिवायची, आणि ताईंची खोली गल्लीच्या बाजूला होती. घरात त्यांचं कुणाला ओझं नव्हतं आणि त्यांनाही कुणाचं नव्हतं. पण सकाळी चप्पल पायात सरकवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते संध्याकाळी परत येताना नसायचं. भावजयीनं हे कधीच हेरलेलं होतं. "वन्सं माहेरी राहतात आणि रोज सासरी जातात," असं ती नवऱ्याला म्हणायची, "फक्त ह्यांना सासरच आवडतं."

ते सासर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन खोल्या आणि बाहेरच्या बोळात खिडकीशी ठेवलेलं एक छोटं टेबल. खोल्यांच्या भिंतींना जाड कांबळी ठोकलेली होती. आत यंत्र, कानाला लावायचे फोन, एक खुर्ची. पलीकडच्या प्रत्येक हाताला तिथे नाव ठेवलेलं होतं. पहिलं नाव कुणीतरी नात्यातलं ठेवलं असावं, मग तीच रीत पडली. टोचून टोचून ठोकणाऱ्या त्या सासूबाई. अर्ध्यावर थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणाऱ्या आत्याबाई. दुसऱ्याच्या बोलण्यात मध्येच घुसणारा तो मेव्हणा. आणि जावईबापू. जावईबापू अख्खा संदेश झरझर पाठवायचे, पण शेवटच्या ठोक्याआधी थबकायचे. किंचितच. जसा जावई सासरच्या उंबऱ्याशी येतो आणि कुणीतरी "या, या" म्हणेपर्यंत घुटमळतो. मग तो शेवटचा ठोका यायचा, मऊ, पाय पुसून आत आल्यासारखा.

या ओळखीचा उपयोग अगदी साधा होता. संदेशात काय म्हटलंय ते उलगडायचं काम वरच्या मजल्याचं. तिसऱ्या मजल्यानं फक्त कोण बोललं एवढंच सांगायचं. कारण पलटण हलली की तिचा यंत्रवालाही तिच्याबरोबर हलतो. जावईबापूंची पलटण मोठी, तोफांची. त्यांचा हात नदीच्या बाजूनं ऐकू आला तर तोफा नदीकाठी, खिंडीच्या बाजूनं ऐकू आला तर तोफा खिंडीत.

आणि यात चूक झाली तर किती माणसं भलत्या ठिकाणी उभी राहतील, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून नियम होता जोडीचा. एकच ध्वनिफीत दोघांनी दोन वेगळ्या खोल्यांत ऐकायची. एकमेकांशी बोलायचं नाही, बोळात नजरानजरसुद्धा नाही. चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि मग खिडकीजवळच्या टेबलावर येऊन दोघांनी एकदम चिठ्ठ्या उलट्या करायच्या. नावं जुळली तर वर कळवायचं. जुळली नाहीत तर पुन्हा ऐकायचं नाही, वाद घालायचा नाही, समजूत काढायची नाही. वरच्या अहवालात ती जागा कोरी सोडायची.

नियम घालून दिला होता खात्याच्या जुन्या प्रमुखांनी. सगळे त्यांना आजोबा म्हणत. नवीन माणूस कामावर आला की आजोबा त्याला एकच गोष्ट सांगायचे. "हे बघ, माणसाला जे हवं असतं ते त्याला ऐकू येतं. तुलाही येईल, मलाही येतं. पण दोन माणसांना एकाच वेळी एकच गोष्ट हवी असं सहसा होत नाही. म्हणून दोन खोल्या."

ताईंची जोड होती घड्याळजींशी. त्यांच्या वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, त्यावरून पडलेलं नाव. उंच, जरा पोक काढून चालणारे, बाहीच्या कडेला कायम शाईचा डाग. बायको, एक मुलगी, असा त्यांचा आटोपशीर संसार होता. ताई आणि ते इतकी वर्षं एका टेबलाशी चहा प्यायले, पण कधी एकमेकांच्या घरी गेले नाहीत आणि अहो-जाहोच्या खाली उतरले नाहीत.

"काय ताई, जावईबापू आले का?"

"आले, पण आज फुगलेत. शेवटचा ठोका किती उशिरानं दिला बघितलंत ना?"

"घरी भांडण झालं असेल."

"सासूबाईंशी?"

"त्यांच्याशी कोण भांडणार! त्या तर पूर्वेला गेल्यात बदलून."

असं चालायचं. पलीकडच्या माणसांची सर्दी, सुट्टी, कंटाळा, सगळं यांना कळायचं. एकदा कित्येक आठवडे जावईबापूंचा हात आलाच नाही तेव्हा ताईंना जेवण जाईना. मग एका दुपारी आला. घड्याळजी बाहेर आले, चिठ्ठी उलटी केली आणि नियम मोडून हसले. "आले बुवा एकदाचे."

हे सगळं मोडलं ते नव्या साहेबांच्या राज्यात.

नवे साहेब सत्तेवर येण्याआधी वर्षभर भाषणांतून सांगत होते की शत्रू खिंडीत येऊन बसलाय, जुनं सरकार झोपलंय. लोकांना ते पटलं. लोकांनी त्यांना निवडून दिलं. पण त्याच वर्षी सरकारनं खात्याला विचारलं होतं आणि तिसऱ्या मजल्यानं जे ऐकलं ते आजोबांनी वर कळवलं होतं. खिंडीच्या बाजूला दोनच हात, दोन्ही लहान चौक्यांचे. बाकी जागा कोऱ्या. तो कागद वर्तमानपत्रांपर्यंत कसा गेला कुणास ठाऊक, पण गेला. नव्या साहेबांना भर सभेत कुणीतरी तो वाचून दाखवला, आणि लोक हसले. ते हसणं ते विसरले नाहीत.

शिवाय आणखी एक भीती होती, जी खुर्चीवर बसलेल्याला नेहमीच असते. जे परक्यांचं ऐकतात ते घरच्यांचंही ऐकत असणार. आपलंही. आजोबांना एका सकाळी घरीच बसायला सांगितलं. ते छत्री घ्यायला कचेरीत आले तर फाटकावरच्या शिपायानं छत्री बाहेर आणून दिली, आत सोडलं नाही. मग तिघांची एक समिती आली. त्यातला एक साखरेच्या गोदामाचा हिशेबनीस होता, एक साहेबांच्या सभांचे मांडव घालायचा, आणि तिसरा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो बोलायचाच नाही.

त्यांनी ताईंना बोलावलं.

"तुम्ही कुणाच्या?" मांडववाल्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे जुन्यांच्या की आमच्या?"

"मी तिसऱ्या मजल्याची," ताई म्हणाल्या.

हिशेबनीस हसला. त्याच्यापुढे कोऱ्या जागांचे अहवाल रचून ठेवलेले होते. "बाई, मला एक समजावून सांगा. दोघं ऐकता. एक म्हणतो मेव्हणा, एक म्हणतो जावई. मग दोघांतला एक खोटं बोलतोय. बरोबर?"

"नाही हो. दोघं खरंच बोलतात. पण खात्री नाही एवढंच."

"पगार घेता तो खात्रीचा, की खात्री नाही याचा?" मांडववाला म्हणाला. "साहेबांना कोरा कागद पाठवता? कोरा कागद म्हणजे काय, माहितीय? काहीतरी लपवलंय."

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. तुमचा जोडीदार मुद्दाम वेगळं नाव लिहायचा, खिंडीतल्या फौजा लपवायला, असं लिहून द्या. तुम्हाला कुणी हात लावणार नाही.

ताई लहानपणापासून भित्र्या. रस्ता ओलांडतानासुद्धा दुसऱ्याच्या मागे मागे जायच्या. त्या दिवशीही त्यांनी निमूटपणे कागद पुढे ओढला. पण त्यांना खरंच लिहिता येईना. त्यांनी प्रयत्न केला, लेखणी उचलली, आणि वाक्य कुठून सुरू करायचं तेच सुचेना. घड्याळजींनी मुद्दाम काहीतरी लिहिलं, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात बसेना. शेवटी त्या म्हणाल्या, "मला नाही जमत हो," आणि लेखणी खाली ठेवली.

घड्याळजी सोमवारी गेले, ताई त्याच आठवड्यात. दोघांकडूनही सही घेतली की काढून टाकलेल्या माणसांनी पुन्हा एकमेकांना भेटायचं नाही, बोलायचं नाही.

घरी राहायला लागल्यावर पहिले काही महिने ताई रोज वेळेवर आवरून बसायच्या. भावजय फक्त चहा पुढे ठेवायची. मग ताईंनी तिच्या शिलाईच्या कामाला हात लावला. काजं करायची, हुकं लावायची. शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला की मात्र त्या उठून गच्चीवर जायच्या. भावजयीला वाटायचं की आवाजाचा त्रास होतो. त्रास वेगळाच होता. कुठलाही ठोका कानावर पडला की ताईंचा कान त्यात माणूस शोधायला लागायचा. नळाचं ठिबकणं, शेजारच्या सुताराची हातोडी, पोराचं लोखंडी कठड्यावर काठी घासत जाणं. शोधायचा आणि माणूस सापडायचा नाही.

घड्याळजी एकदाच दिसले. बाजारात, भाजीच्या गाड्यापाशी, पिशवी घेऊन. पोक वाढलं होतं. दोघांची नजर भेटली. मध्ये रस्ता होता, रस्त्यात माणसं होती, आणि त्यांतलं कोण कुणाला कळवेल याचा नेम नव्हता. घड्याळजींनी पिशवी खांद्याला अडकवली आणि दोन्ही हात खिशात घातले. घट्ट. ताईंना वाटलं, बोटं काही बोलून बसू नयेत म्हणून. त्या घरी आल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या कांदे निवडत बसल्या.

जावईबापूंची आठवण मात्र कुणाला सांगायचीही सोय नव्हती. शत्रूच्या फौजेतल्या माणसाची आठवण येते, असं कुणाला सांगणार? त्याची बदली झाली असेल का? निवृत्त झाला असेल? वय झालं असेल, बोटं आखडली असतील. आपण त्याला इतकी वर्षं ओळखलं आणि त्याला आपण आहोत हेही ठाऊक नाही. तिसऱ्या मजल्यावरची ती खुर्ची परत मिळावी, कान झाकून पुन्हा एकदा त्या अंधारात शिरावं आणि शेवटच्या ठोक्याआधीचं ते थबकणं ऐकावं, एवढीच ताईंची इच्छा उरली होती. भावजय म्हणायची, "वन्सं, काय हवंय तुम्हाला? सांगा तरी." ताई म्हणायच्या, "काही नाही गं."

मग नदीकाठच्या गावावर तोफा पडल्या.

पहाटेच्या पहाटे. फौज सगळी खिंडीत होती, कारण साहेबांनी खिंडीतच सांगितलं होतं, आणि गेली तीन वर्षं खात्याकडून येणारे सगळे कागद खिंडच सांगत होते. एकही जागा कोरी नव्हती. नदीकडे कुणी ऐकलंच नव्हतं असं नाही, पण ऐकलेलं वर सांगायला कुणी धजलं नव्हतं. भाऊ छापखान्यातून आला तेव्हा त्याच्या हाताला शाई तशीच होती. बातमीतलं गावाचं नाव त्यानंच खिळ्यांनी जुळवलं होतं. तो मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

साहेब नभोवाणीवरून गरजले. मला अंधारात कुणी ठेवलं? खात्यात पुन्हा झाडू फिरला. या वेळी समितीच गेली. हिशेबनीस, मांडववाला आणि तो न बोलणारा, तिघंही. आणि काही दिवसांनी, एका दुपारी, ताईंच्या दारात तिसऱ्या मजल्यावरची चिमणी उभी राहिली.

चिमणी ताईंच्याच हाताखाली तयार झालेली. आली तेव्हा इतकी बारकी होती की कानाचे फोन तिच्या डोक्यावर टिकायचे नाहीत, ताईंनी रुमालाची घडी घालून ते बसवून दिले होते. आता तिच्या अंगावर चांगला कोट होता, खाली गाडी होती, आणि ती तिसऱ्या मजल्याची मुख्य होती.

भावजय दारातच म्हणाली, "या. हवामान खात्याला तीन वर्षांनी जाग आली वाटतं."

"वहिनी, बोला हवं ते," चिमणी म्हणाली. "हक्क आहे तुमचा."

ती आत आली आणि पाटावर बसावं तशी ताईंच्या पलंगाच्या कडेला बसली. "ताई, मी राहिले म्हणून तुम्ही रागावला असाल."

"नाही गं. तुझी पोरं लहान होती."

"अजून लहानच आहेत." मग एकदम म्हणाली, "ताई, परत या. तुमची खुर्ची तुम्हाला द्यायला वरनं मंजुरी आहे. आता वर सगळ्यांना कळलंय की जुनी माणसं हवीत. आमच्यात कुणाला हात ओळखता येत नाहीत हो. पोरं सगळी नवी आहेत. फक्त एक काम आहे. एक ध्वनिफीत ऐकायची. खिंडीच्या बाजूची आहे. मला वाटतं, जावईबापू आहेत."

ताईंनी हातातलं काजाचं कापड खाली ठेवलं. भावजयीनं ते पाहिलं, आणि तिला पहिल्यांदाच कळलं की वन्संना काय हवं होतं. ती आतून ताईंची चांगली शाल घेऊन आली आणि त्यांच्या खांद्यावर टाकत म्हणाली, "जा. पण उपाशी पोटी कुणाला हो म्हणू नका."

तिसरा मजला बदलला होता. दोन खोल्यांमधली भिंत पाडली होती. कांबळी काढली होती, त्यांच्या खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती. आता तिथे एक लांब टेबल आणि मध्यभागी मोठा कर्णा होता. सगळे एकत्र बसून एकच आवाज ऐकायचे, आधी मुख्य माणूस नाव सांगायचा, मग बाकीचे माना डोलवायचे.

"हे कुणी केलं?" ताईंनी विचारलं.

"समितीनं. म्हणाले, वेगवेगळं ऐकलं की मतभेद होतात."

कर्णा नको म्हणून ताईंनी कानाचे फोन मागितले. ते शोधायला वेळ लागला. चिमणीनं हळूच सांगितलं, "ताई, साहेबांचं मत असं आहे की नदीकडून तोफा हलल्यात, आता खिंडीत आहेत. ते सुरुवातीपासून खिंडच म्हणत होते ना. हा जावईबापूंचा हात निघाला तर नदीवर नेलेली फौज लगेच पुन्हा खिंडीकडे जाईल. तुमच्या नावावर विश्वास बसेल सगळ्यांचा."

"आणि तोफा नदीवरच असल्या तर?"

"म्हणून तर तुम्हाला आणलं."

ध्वनिफीत सुरू झाली. आधी खरखर, वारा, दूरवर दुसरंच कुणीतरी. मग हात. झरझर, हलका, ओळखीचा. ताईंनी डोळे मिटले. ठोके पुढे पुढे जात होते आणि ताईंच्या आत तीन वर्षं दाबून ठेवलेलं काहीतरी वर वर येत होतं. संदेश संपत आला. शेवटच्या ठोक्याआधी तो थबकला. मग ठोका आला, मऊ.

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. टेबलाभोवतीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"तेच ना?" चिमणी म्हणाली. तिचाही आवाज भरून आला होता. "ताई, तेच ना आपले?"

ताईंच्या ओठावर "हो" आलं होतं. अगदी आलं होतं. त्या म्हणाल्या, "पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. मांडीवर त्यांचं बोट हलत होतं, आणि ते यंत्रातल्या हाताच्या मागून चाललेलं नव्हतं. पुढे चाललेलं होतं. शेवटच्या ठोक्याआधी बोट थांबलं, आणि मग त्यांना कळेना की थबकला तो पलीकडचा हात, की थांबलो ते आपण. तिसऱ्यांदा लावली. आता तर प्रत्येक ठोक्यात तोच दिसायला लागला. सगळा संदेशच त्याचा झाला.

ताईंनी फोन काढून ठेवले.

"मला नाही सांगता येत."

"असं काय करता! तुम्ही रडलात."

"म्हणूनच." ताईंनी शालीनं डोळे पुसले. "चिमणे, मला तो हवाय गं. इतका हवाय की आत्ता तू सुताराची हातोडी ऐकवलीस तरी मला त्यात तो सापडेल. मी साक्षीदार नाही राहिले आता. माहेराला आसुसलेल्या पोरीला प्रत्येक वाट माहेरची वाटते, तसं झालंय माझं. घड्याळजींना बोलाव. वेगळ्या खोलीत बसव. काही न सांगता त्यांनी तेच नाव लिहिलं तर मी माझं लिहीन."

"त्यांचं नाव वर घेता येत नाही. त्यांच्यावर ठपका आहे, फौजा लपवल्याचा. तो काढायचा तर आधीच्या वेळी चूक झाली असं साहेबांना म्हणावं लागेल."

"मग जागा कोरी सोड."

चिमणीनं पोरांना बाहेर पाठवलं. पावलं लांब गेल्यावर ती ताईंच्या शेजारी येऊन बसली, पूर्वी चहाच्या वेळी बसायची तशी. "ताई, मी कोरी जागा वर पाठवली तर उद्या इथे दुसरं कुणी असेल. आणि ते माणूस तुम्हाला न विचारता 'हो' लिहील. मग काय उपयोग? त्यापेक्षा तुम्ही 'हो' म्हणा. कदाचित तेच असतील. अर्धी शक्यता तर आहे. उद्यापासून इथे बसा. मी भिंत पुन्हा बांधून घेते. खरंच घेते. तुम्हाला ऐकायला मिळेल. रोज."

खिडकीजवळचं ते टेबल अजून बोळात होतं. ताईंना दारातून त्याचा एक पाय दिसत होता. त्यांनी त्या पायाकडे इतका वेळ पाहिलं की चिमणीला वाटलं, झालं, मानल्या.

"नको गं," ताई म्हणाल्या. अगदी लहान आवाजात, एखाद्या मुलानं पुढे केलेला खाऊ नाकारावा तशा. "तू काय लिहायचं ते तू ठरव. मी तुला दोष नाही देणार. पण माझं नाव घालू नकोस. मला ओळख पटली नाही."

चिमणी जिन्यापर्यंत आली. तिथे तिनं ताईंची शाल नीट केली, आणि ती परत वळली. गाडीबद्दल कुणी काही बोललं नाही. ताई पायीच निघाल्या.

आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आल्यावर त्या थांबल्या, आणि मग तशाच पुढे गेल्या. घड्याळजींचं घर कुठे आहे ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. सही केलेली होती, पण आता त्यांच्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दार घड्याळजींच्या बायकोनं उघडलं. ताईंना तिनं कधी पाहिलं नव्हतं, तरी लगेच म्हणाली, "ताई ना? मेली सही करून बसलात दोघं! मी आपली रोज म्हणते, एवढी भीती कशाची? या आत. अहो, बघा कोण आलंय!"

घड्याळजी आतून आले. बाहीवर शाईचा डाग नव्हता, त्यामुळे ते जरा अनोळखीच वाटले. खुर्ची पुढे ओढून ते समोर बसले. बायको चहा टाकायला गेली.

"आज गेले होते," ताई म्हणाल्या. "बोलावलं होतं. खिंडीकडचा हात होता. मला तेच वाटले."

घड्याळजींचा चेहरा एकदम उजळला. "आहेत म्हणजे अजून?"

"वाटले, म्हटलं. मला नाही सांगता आलं. मी तुमचं नाव घेतलं, पण त्यांना चालेना."

"थांबले होते का शेवटी?"

"थांबले होते. का मीच थांबले होते, देव जाणे."

घड्याळजींनी मान हलवली. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, तसे असते तर असं आणि तसे नसते तर तसं, असला तर्कही केला नाही. "मी तिथे नव्हतो," एवढंच म्हणाले. "मी काय सांगणार?"

चहा झाला. ताई निघते निघते म्हणत राहिल्या आणि निघाल्या नाहीत. बायकोनं मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले, घड्याळजींनी वडिलांच्या दुकानातली दोन घड्याळं काढून दाखवली, ती दोन्ही बंद होती. उन्हं उतरली तेव्हा खालच्या रस्त्यावर घरघर सुरू झाली. लष्करी ट्रक चालले होते, एकामागून एक, ताडपत्री बांधलेले. नदीच्या रस्त्यानं येऊन खिंडीच्या रस्त्याला लागत होते. म्हणजे चिमणीनं 'हो' लिहिलं होतं. मागच्या ट्रकमध्ये काही शिपाई उघड्यावरच बसले होते, एक जण पेंगत होता, एक जण कुणाच्या तरी पाठीवर वही ठेवून काही खरडत होता.

दोघंही खिडकीशी उभे राहिले.

"तेच असू देत हो," ताई म्हणाल्या.

घड्याळजींनी इतक्या वर्षांत कधी ऐकण्याआधी काही मागितलं नव्हतं. आता ते कठड्यावर दोन्ही हात टेकून, ट्रकांच्या दिशेनं वाकून म्हणाले, "असू देत. खिंडीतच असू देत बाबा."

"अहो, खिडकी लावा," आतून बायको ओरडली. "सगळी धूळ येतेय घरात."

खिडकी कुणीच लावली नाही.